बारमधल्या स्मोकिंग झोनने आतली हवा खरंच साफ राहते का?

पेडण्याची_बाय:
माझा धाकटा भाऊ म्हापशाला एका बार-रेस्टॉरंटात वेटर आहे. स्वतः कधी सिगरेट ओढली नाही, पण पावसात खिडक्या बंद झाल्या की रात्री घरी येतो तेव्हा शर्टाला धुराचा वास आणि सकाळी उठल्यापासून खोकला. मालक म्हणतो कायद्याप्रमाणे झोन केलाय, एसी आहे, एक्झॉस्ट आहे. झोन म्हणजे कोपऱ्यात काचेची खोली, दाराला वीट लावून ते उघडंच ठेवलेलं, कारण बियर आणि सुंगटं फ्राय घेऊन वेटरना सारखं आत-बाहेर करावं लागतं. बंदीने हवेत फरक पडतो की नुसता भिंतीवर बोर्ड?

फोंड्याचा_एसीवाला:
ताई, मी हेच काम करतो म्हणून सांगतो, स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा घेतच नाही, खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, धुराचे कण २.५ मायक्रॉनपेक्षाही बारीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ते आरपार जातात. एक्झॉस्ट चालायला त्या खोलीतला दाब हॉलपेक्षा कमी पाहिजे, म्हणजे हवा हॉलमधून आत ओढली जाते आणि तिथून थेट बाहेर. दार उघडं ठेवलं की तो दाब राहतच नाही. अशा खोल्यांतले फॅन सर्व्हिसिंगला उघडतो तेव्हा पात्यांवर तपकिरी चिकट थर असतो, नुसत्या फडक्याने निघत नाही, आणि तेच तुमच्या भावाच्या छातीत जातंय!

डिचोलीकर:
किचनचा धूर, तव्यावरचं तेल, ते पण असतंच ना? सगळं सिगरेटवर कशाला ढकलायचं.

मडगाव_वकिली:
किचनचा धूर असतोच, पण बंदीआधी आणि बंदीनंतर मोजलेलं आहे. आयर्लंडने मार्च २००४ मध्ये पबमध्ये धूम्रपान बंद केलं, डब्लिनच्या ४२ पबमध्ये बारीक कण साधारण ८३ टक्के आणि बेन्झीन, म्हणजे धुरातलं कॅन्सर करणारं रसायन, ८० टक्के कमी झालं. किचन तिथेही होतंच की. आणि तो कायदा मुळात तिथे काम करणाऱ्यांच्या तब्येतीसाठी केला होता, आपल्याकडे फक्त गिऱ्हाइकाचाच विचार होतो ह्याचा मला फार राग येतो.

आता आपला कायदा. गोव्याचा स्वतःचा धूम्रपानबंदीचा कायदा १९९७ चा, आणि देशभरचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून. ३० किंवा जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटला स्मोकिंग रूम करता येते, पण चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि आत सिगरेट ओढण्याशिवाय दुसरी कसलीही सर्व्हिस नाही. म्हणजे भावाला बियर घेऊन आत पाठवणंच नियमात बसत नाही.

पेडण्याची_बाय:
हे सर्व्हिसचं कोणालाच माहीत नाही तिथे! पण नोकरीचं काय, तक्रार केली तर सीझनमध्ये काढून टाकतील.

मडगाव_वकिली:
एकट्याने बोलू नको म्हणावं, सगळ्या वेटरनी मिळून मालकाला नियम दाखवा. नियम मोडला तर जबाबदारी मालकावर आणि मॅनेजरवर पण येते, हे शांतपणे सांगा.

फोंड्याचा_एसीवाला:
आणि मालकाला सांगा खोलीवर अजून पैसे घालू नको, ती बंद करून ओढणाऱ्यांना आवाराबाहेर पाठव, कारण नियमात रेस्टॉरंटभोवतीची मोकळी जागाही धरलीय, आणि दारा-खिडक्यांपासून लांब, नाहीतर पावसाळी वाऱ्याने सगळा धूर परत आत येतो.