मदत हवी आहे : लँडलाइनवर सतत घूं आवाज, आतली वायर बदलू का?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत आईबाबांचा तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन अजून चालू आहे. बाबांना मोबाइलवर नीट ऐकू येत नाही, बहिणीचा फोन ते यावरच घेतात. दिवाणखान्यातला फोन आतल्या खोलीत पलंगाशी नेला, तेव्हापासून रिसीव्हरमध्ये सतत घूं आवाज येतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर कमी केला की त्यात चरचर मिसळते. बहीण हळू बोलली की बाबा नुसतं "बरं, बरं" म्हणून फोन ठेवून देतात. मला ते बघवत नाही.

दाराजवळच्या डब्यात आतली वायर सोडवून तोच फोन थेट लावून पाहिला, आवाज स्वच्छ. म्हणजे बाहेरची लाइन ठीक असावी. कॉर्डलेस नाही, ब्रॉडबँडही या लाइनवर नाही. इलेक्ट्रिशियनने चपटी वायर टाकली आहे आणि तीही दिव्यापंख्याच्या वायरींबरोबर एकाच केसिंगपट्टीतून.

दुकानदार म्हणतो, फेराइटचा मणी (वायरीवर चढवायचं काळं चुंबकीय कडं) लावा. त्याने जाईल का? की पिळाची वायर (दोन तारा एकमेकींभोवती पिळलेली) घेऊन त्याच पट्टीतून ओढू? भिंतींना नुकताच रंग दिलाय.

प्रतिसाद १

फेराइटवर पैसे घालवू नका. तो मणी रेडिओचा त्रास अडवतो, आपल्या विजेच्या ५० हर्ट्झला त्याचं काही वाटत नाही. लॅनची, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कची, कॅट-५ केबल आणा; तिच्यात तारांच्या पिळलेल्या जोड्याच असतात, त्यातली एक जोडी पुरे. पिळामुळे शेजारच्या विजेचा परिणाम दोन्ही तारांवर सारखाच होतो आणि फोनला ऐकू येतो तो दोन तारांमधला फरक, म्हणून घूं उरत नाही.

त्याच पट्टीतून मात्र अजिबात नको, आवाज गेला तरी नको. २३० व्होल्टच्या वायरीचं आवरण कुठे सोललं, तर रिसीव्हर बाबांच्या कानाशी असणार. स्कर्टिंगच्या कडेने क्लिपा मारा, लाइटची वायर ओलांडावी लागली तर काटकोनात.

धागाकर्ता

आभार! स्कर्टिंगची वाट न्हाणीघराच्या भिंतीवरून जाते, तिथे पावसाळ्यात ओल धरते. चालेल?

प्रतिसाद १

मध्ये जोड नसेल तर चालेल. ओल्या जोडातून एकच तार भिंतीकडे गळू लागली की दोन तारांचा तोल जातो आणि पिळाच्या वायरीवरही घूं परत येतो. डब्यापासून फोनपर्यंत अखंड तुकडा घ्या. जुनी चपटी वायर डब्यातून सोडवायला विसरू नका, नाहीतर ती लोंबती राहून आवाज गोळा करत राहील.