पिक्चर संपल्यावर तुमच्या घरात काय झालं?

गेल्या रविवारी घरी 'एलिझाबेथ एकादशी' (2014) पाहिला. धायरीतलं आमचं छोटं घर, दिवाणावर सासूबाई, खाली सतरंजीवर मी आणि 8 वर्षांची लेक. पंढरपूरची गोष्ट. आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी बँकेनं उचलून नेलेलं. वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ येऊ नये म्हणून मुलं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. लेकीला फार आवडला, पण मला सांगायचंय ते नंतरचं. सासूबाई उठल्या, दिवाणाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि एक पिशवी काढली. आत सुया आणि रंगीत दोऱ्यांची रिळं. सासऱ्यांची कंपनी बंद पडली तेव्हा दीड वर्ष सासूबाईंनी रात्री जागून लोकांच्या साड्यांना फॉल लावले होते. माझ्या लग्नाला 11 वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं.

म्हणून हा धागा काढतेय. कमी पैशांत केलेले, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून बघावेत असे सिनेमे तुम्हीही पाहिले असतील. परीक्षण नको. पिक्चर संपल्यावर घरात काय झालं, तेवढं लिहा.

कसबा पेठ : आमच्या लहानपणी गणपतीत मंडळ रस्त्यावर आडवा पडदा बांधायचं. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्यामागे बसायचो. तिकडून नावं उलटी दिसायची, सगळे नट डावखुरे वाटायचे. 'श्यामची आई' (1953) मी पहिल्यांदा असाच मागून पाहिला. आई कधी खाली यायची नाही, भांडी आवरून गॅलरीतून बघायची. त्या रात्री रीळ बदलायला दिवे लागले, वळून पाहिलं तर ती माझ्या मागेच पोत्यावर बसलेली, हात अजून ओले. घरी जाताना एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा तिच्याआधी उठून मी पाणी भरलं.

भोसरी, मूळ गाव जुन्नर तालुक्यात : 'टिंग्या' (2008) म्हणजे आमच्याच भागातली गोष्ट. त्यातल्या पोराला, शरद गोयेकरला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा गावाकडे केवढं कौतुक झालं होतं. वडिलांना मुद्दाम दाखवला. चितंग्या बैल अधू होतो, बाप त्याला विकायला काढतो. पोरगं विचारतं, शेजारच्या आजारी म्हातारीला औषधपाणी करता, मग माझ्या बैलाला का नाही? तिथं वडील उठून बाहेर गेले. मी पिक्चर थांबवून मागं गेलो, तर जिन्यात बसलेले. म्हणाले, "सर्जा पण असाच गेला. दावं दुसऱ्याच्या हातात दिलं तेव्हा त्यानं माझा हात चाटला." त्या पैशातून माझी आयटीआयची फी भरली होती. मला इतकी वर्षं वाटायचं, सर्जा म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसून राहिलो. उरलेला पिक्चर आम्ही 2 दिवसांनी पाहिला.

(धायरीहून मीच : भोसरीकर दादा, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाल्या.)

रास्ता पेठ : मी नर्स होते, बरीच वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात. 'श्यामची आई'नंतर 50 वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळवून देणारा 'श्वास' (2004) आम्ही मैत्रिणींनी ड्यूटी संपवून पाहिला. नातवाला डोळ्याचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. ऑपरेशनच्या आधी आजोबा त्याला सगळं बघून घे म्हणून दवाखान्यातून बाहेर नेतात. भेटीची वेळ संपली की म्हाताऱ्या माणसांना मी घड्याळ दाखवून उठवायची. नंतर तसं कधी उठवलं नाही. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा : फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकली, तर वेळ न घालवता डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

औंध : 'किल्ला'. नवरा गेलेली, बदलीच्या नोकरीतली आई आणि पुणं सोडून कोकणात आलेला मुलगा. माझंही तेच, फक्त आम्ही उलटे, तिकडून इकडे आलो. लेक सातवीत. काही बोलला नाही. रात्री माझा डबा घासून ठेवला. अजून रोज ठेवतो.

कोथरूड : मला तक्रार करायची आहे. असल्या सिनेमांना आडवेळेचा एकच खेळ मिळतो. एका थिएटरात आम्ही पाचच जण आलो म्हणून खेळ रद्द केला, पैसे परत दिले. पैसे कुणाला हवे होते? मग सोसायटीत दारोदार फिरून 42 नावं जमवली आणि एकगठ्ठा तिकिटं काढली. वॉचमनकाकांच्या दोन्ही मुलींचा तो थिएटरातला पहिला सिनेमा. मध्यंतराला दिवे लागले तर धाकटी चप्पल घालून उभी राहिली, संपला समजून. अजून अर्धा आहे म्हटल्यावर तिचा चेहरा जो काही फुलला!

सहकारनगर : 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) पाहून आमच्या पाचवीतल्या मुलानं कुंडीत वाटाणा पेरला. त्यात सिनेमा काढायला निघालेल्या दादासाहेब फाळक्यांनी रोप उगवताना थोडं थोडं टिपलं होतं ना, तसंच करायचं म्हणाला. गॅलरीत पुस्तकांच्या चळतीवर जुना मोबाईल, सकाळी 7 ते रात्री 9 दर तासाला एक फोटो. शाळेच्या वेळात आजोबांची पाळी. त्यांचे हात थरथरतात, पण एक तास चुकवला नाही, जेवताना उठून जायचे. 17 दिवसांनी फोटो जोडले. रोप सकाळी शांत वाढतं, दुपारी थरथरतं, संध्याकाळी पुन्हा शांत. मी म्हटलं, हललेले काढून टाकू या. तो म्हणाला, "नको बाबा, ते आजोबांचे आहेत."