आनंद यादव यांची ‘झोंबी’ : आत्मचरित्र म्हणून वाचावी की कादंबरी म्हणून?

प्रश्न : खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण एकत्र बसून एखादे पुस्तक वाचतो आणि त्यावर बोलतो. येत्या चार महिन्यांसाठी आनंद यादव यांचे लेखन निवडले आहे. पहिल्याच बैठकीत मतभेद झाला. ‘झोंबी’ हे घडलेले आयुष्य आहे, म्हणून ते आत्मचरित्रासारखेच वाचले पाहिजे, असे काहींचे म्हणणे आहे. इतरांच्या मते लेखकानेच तिला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हटले असल्यामुळे त्यातील प्रत्येक प्रसंग खरा मानून चालणे योग्य नाही. शिवाय सुरुवात ‘झोंबी’ने करावी की ‘गोतावळा’ या त्यांच्या कादंबरीने, हेही ठरलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निपाणीचा एक वाचक

ताई, आपल्या भागातल्या वाचकांनी ‘झोंबी’नेच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. यादवांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३५ रोजी कागल येथे झाला. कागल आणि निपाणी यांच्यात आज राज्याची सीमा आहे. परंतु ते शाळेत शिकत होते त्या काळी ती नव्हती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि कागल मुंबई राज्यात राहिले, तेव्हा यादव वीस वर्षांचे होते. त्यामुळे त्या पुस्तकातील मळा, मोट, पाट, दारे धरणे (पिकाला पाणी देणे), गुऱ्हाळ हे सगळे आमच्या घरातलेच वाटते. माझे वडील दुसरीनंतर शाळेत गेले नाहीत. पण ‘झोंबी’तील गुऱ्हाळाची पाने मी वाचून दाखवली, तेव्हा कोणत्याही शब्दाचा अर्थ त्यांनी मला विचारला नाही.

वडिलांनी शाळेतून काढलेला मुलगा आणि त्याची आई मिळून गावातील दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात आणि वडिलांची समजूत काढण्याची विनंती करतात, तो प्रसंग आपल्या बैठकीत अवश्य मोठ्याने वाचावा. आपण येथे आलो होतो हे वडिलांना सांगू नये, अशी विनवणीही ती दोघे जाताना करतात. वडील शेवटी होकार देतात, तोही अटी घालून : शाळेची वेळ होईपर्यंत मळ्यात राबायचे आणि शाळा सुटल्यावर पुन्हा जनावरे चारायची. आईलाही आपल्याच घरात आडमार्गाने न्याय मिळवावा लागतो, ही गोष्ट कोणत्याही भाष्याशिवाय वाचकाच्या मनात उतरते. हा भाग ‘जूझ’ या नावाने हिंदीतून केंद्रीय अभ्यासक्रमाच्या बारावीच्या पुस्तकातही आला. त्यात मराठीचे सौंदलगेकर मास्तर मुलाला कवितेची गोडी लावतात आणि मुलगा म्हशीच्या पाठीवर काठीने ओळी लिहू लागतो. सौंदलगा हे आमच्या निपाणीजवळचे गाव. त्यामुळे ते आडनाव वाचताना दरवेळी मी क्षणभर थांबतो.

उत्तर २ : बेळगावचे एक निवृत्त प्राध्यापक

मी क्रम उलटा सुचवतो, आणि त्याचे कारण भाषेत आहे. १९७१ च्या ‘गोतावळा’त नारबा हा गडी स्वतः बोलतो. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांच्या सोबतीने तो जगला, तो त्याचा गोतावळा तुटतो. ही सगळी कहाणी त्याच्याच बोलीत येते. ‘झोंबी’ (१९८७) मध्ये संवाद बोलीत असले तरी निवेदन बरेचसे प्रमाण मराठीकडे झुकलेले आहे. माझ्या मते याचा अर्थ असा, की कल्पित माणसाला यादवांनी स्वतःची बोली दिली आणि स्वतःचे आयुष्य मात्र शिकून दूर गेलेल्या, पुणे विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या भाषेत सांगितले. मळ्यातला आंदा, म्हणजे लहानपणीचे यादव, आणि त्याच्याकडे वळून पाहणारा प्राध्यापक अशी दोन माणसे ‘झोंबी’त एकाच वेळी वावरतात. या दोघांमधले अंतर ज्या रचनेने सांभाळले आहे, त्या रचनेमुळे मी तिला कादंबरी मानतो. प्रसंग खोटे आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. एवढ्या वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कोणाच्याही स्मरणात राहत नाहीत. ते रचावेच लागतात, आणि यादवांनी ती गोष्ट लपवलेली नाही.

‘झोंबी’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’ या पुस्तकांतून हे आत्मकथन चालू राहिले. परंतु पहिल्या भागाची ताकद पुढच्या भागांत मला तितकी जाणवली नाही. खऱ्या आयुष्याची कादंबरी करण्यातला धोका मात्र उत्तरायुष्यात त्यांच्या वाट्याला आला. ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडले. स्वतःच्या बालपणाबाबत जे स्वातंत्र्य वाचकांनी आनंदाने दिले, ते पूज्य व्यक्तीबाबत नाकारले, याची मला आजही खंत वाटते. आपल्या मंडळाने या मुद्द्यावरही बोलावे.

उत्तर ३ : कागलचे माहेर असलेली, चिकोडीची एक वाचक

प्राध्यापक सरांचा भाषेचा मुद्दा मला पूर्ण पटला. तरीही एक गोष्ट नम्रपणे मांडते. ‘झोंबी’तील वडील कठोर आहेत, मुलाला मारतात, त्याला कामाला जुंपून स्वतः गावात फिरतात. आमच्याकडे चर्चा झाली तेव्हा सगळ्यांनी त्यांना केवळ खलपुरुष ठरवले. मला तसे वाटत नाही. सगळ्यांची गुऱ्हाळे सुरू झाली की गुळाचा भाव पडतो, म्हणून आपले गुऱ्हाळ लवकर लावणारा हा माणूस हिशेबी आहे. हातातला एक मुलगा शाळेत गेला तर पाणी कोण पाजणार, ही त्याची भीती खरी आहे. माझ्या आजोबांनी याच भीतीने माझ्या आत्याला चौथीत शाळेतून काढले, आणि तिच्या बाजूने बोलायला कोणी देसाई आले नाहीत. यादवांनी वडिलांचा राग लिहिला, पण त्यामागचा मळ्याचा हिशेबही लिहिला. वडिलांच्या बाजूचाही हिशेब मुलाने इतका चोख ठेवला आहे, म्हणूनच मी या पुस्तकावर आयुष्य म्हणून विश्वास ठेवते, मग त्याला नाव काहीही द्या.

पुन्हा : खानापूर तालुक्यातील शिक्षिका

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या बैठकीत ‘गोतावळा’तील ट्रॅक्टर येतो तो भाग आणि ‘झोंबी’तील देसाई यांच्या वाड्यातील प्रसंग हे दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, असे आम्ही ठरवले आहे. चिकोडीच्या ताईंनी आत्याबद्दल जे लिहिले, ते बैठकीत वाचून दाखवण्याची परवानगी हवी होती. आमच्या मंडळात शाळेतून लवकर काढलेल्या तीन जणी आहेत, आणि त्या अजून कधीच बोललेल्या नाहीत.