मदत हवी आहे: ११० सीसी एटीव्ही पेट्रोल पिते, प्लग काळा, एअर फिल्टर काढला की बरी चालते

नमस्कार मंडळी,

पौडच्या पुढे आमची थोडी शेती आहे. तिथे खताच्या गोण्या आणि पाण्याचे कॅन न्यायला एक जुनी एटीव्ही (जाड टायरांची चारचाकी बाइक) घेतली. चिनी बनावटीचं फोर स्ट्रोक इंजिन, साधा स्लाइडवाला कार्बोरेटर, चोकची दांडी कार्बोरेटरवरच. नंबरप्लेट नाही, रस्त्यावर काढत नाही, त्यावर उपदेश नको.

दुखणं असं. सकाळी थंड इंजिन चोक न लावता पहिल्या सेल्फला सुरू होतं. इतके दिवस मी याचं कौतुकच करत होतो. पाच मिनिटांनी तापलं की रडगाणं सुरू. स्लोला धक्के देत बंद पडते, अर्ध्या रेसला घशात काही अडकल्यासारखी घुरघुरते, मागून काळा धूर, आणि कच्च्या पेट्रोलचा वास पार घरापर्यंत कपड्यांना येतो. पूर्ण रेसला मात्र त्यातल्या त्यात नीट पळते. गरम असताना बंद पडली तर रेसचा खटका पूर्ण दाबून धरल्याशिवाय परत सुरू होत नाही.

प्लगच्या टोकावर कोरडी काजळी, बोटाने पुसली जाते. नवा टाकला, दोन तासांत तोही तसाच. फिल्टरचा फोम धुऊन, वाळवून बसवला, फरक शून्य. फिल्टर काढूनच चालवली तर बरी चालते, पण तिथली लाल माती बघता तसं किती वेळ चालवणार! कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे फिरवून झाला.

दिवाळीत एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून घेतला होता. तिथल्या पोराने जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) क्लच वायरची तार घालून भोक 'मोकळं' केलं. मी शेजारीच चहा पीत उभा होतो.

आणखी एक, संबंध असेल-नसेल. दोन महिन्यांत ऑइल घातलेलं नाही, तरी डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसते.

मेन जेट लहान टाकू का? नाना पेठेत मिळेल ना? कार्बोरेटर काढून कोथरूडला आणलाय. सध्या श्रीखंडाच्या डब्यात, ओट्याखाली. घरातून शनिवारपर्यंतची मुदत मिळाली आहे.

घाटवाट: सगळं ई-२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) पाप. आमच्या जुन्या स्कूटरचंही तेच झालं.

पाना_१४_१५: ई-२० ने रबर फुगत असेल, पण मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होत नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर गाडी उलट लीन (पेट्रोल कमी) चालते. इथे दोष दुसरा आहे.

धागाकर्ते, पहिलं म्हणजे तो डबा गॅसजवळून हलवा. आत्ता. गॅलरीत ठेवा.

दुसरं, मेन जेटला हात लावू नका. तो बोलतो पूर्ण रेसला, आणि तिथे तुमची तक्रार नाही. तुमची तक्रार स्लोला आणि मध्यावर आहे. तुम्ही जे शेवटी 'संबंध असेल-नसेल' म्हणून टाकलंत तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऑइल आपोआप वाढत नसतं, त्यात पेट्रोल उतरतंय. डिपस्टिक नाकाशी धरून बघा. टाकी वर, कार्बोरेटर खाली, कॉक आठवडाभर उघडा. फ्लोटची सुई (भांडं भरलं की पेट्रोल अडवणारी) सीटवर नीट बसत नसेल तर कार्बोरेटरचं खालचं भांडं भरून पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि रिंगांच्या फटीतून थेट ऑइलमध्ये. असलं पातळ ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका. आणि चालू असतानाही भांड्यातली पातळी वर राहिली की मिश्रण रिच.

खालचं भांडं काढा, कार्बोरेटर उलटा धरा, फ्लोट स्वतःच्या वजनाने सुईवर बसू द्या. पेट्रोलच्या नळीतून फुंका. हवा अडली पाहिजे. मग सुईचं टोक भिंगाखाली बघा. फ्लोट कानाशी हलवा, आत पेट्रोल गेलं असेल तर खळखळ ऐकू येते.

घाटवाट: आणि स्क्रू कुठे आहे ते बघितलंत का? फिल्टरच्या बाजूला असेल तर एअर स्क्रू, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. आमचा मिस्त्री दोन्ही एकाच दिशेने फिरवायचा.

धागाकर्ता: डबा गॅलरीत गेला, बोलणी खाऊन झाली. डिपस्टिकला चक्क पेट्रोलचा वास. फुंकर आरपार गेली. सुईच्या रबरी टोकावर नखाला लागेल अशी गोल खाच. फ्लोट ठीक, खळखळ नाही. तार पायलट जेटमध्ये (स्लोला पेट्रोल देणाऱ्या) घातली होती, भोकाच्या कडेला ओरखडे दिसतात. नाना पेठेत चौथ्या दुकानात सुई आणि पायलट जेट, दोन्ही मिळाले.

धागाकर्ता (सोमवार): काल बसवला. ऑइल बदललं, कॉक बंद ठेवायचा असं टाकीवरच खडूने लिहिलं. स्लोला आता घड्याळासारखी चालते, धूर नाही. पण सकाळी चोक लावल्याशिवाय सुरूच झाली नाही. हे बिघडलं की सुधारलं? आणि अर्ध्या रेसला किंचित घुरघुर अजून आहे.

पाना_१४_१५: सुधारलं! थंड इंजिनाला चोक लागायलाच हवा. आधी विनाचोक सुरू व्हायची ती जास्तीच्या पेट्रोलवर. राहिलेल्या घुरघुरीसाठी स्लाइडमधल्या सुईची क्लिप एक खाच वर घ्या, म्हणजे सुई खाली बसेल आणि मध्यावर पेट्रोल कमी येईल. एका वेळी एकच बदल करा, आणि प्लग नवा टाकून बघा. जुन्या काजळीवरून काही कळत नाही.

धागाकर्ता: येत्या रविवारी करतो. डबा तीनदा घासून परत दिला. तो आता खिळ्यांसाठी माझ्याकडेच राहणार आहे.