ट्रेकसाठी सुकवलेली आमटी : मसाला आधी की नंतर? (बजेट ५०० रु.)

पायपीट_कोल्हापूर : जूनमध्ये हिमाचलात चाललोय, पोर्टर नाही, सगळं पाठीवर. तुरीची आमटी आणि भात शिजवून घरच्या ओव्हनमध्ये सुकवला. गच्चीत गरम पाणी ओतून बघितला, तर आमटी अळणी आणि वास गायब. मसाला सुकवायच्या आधी घालायचा की नंतर? मसाले, पिशव्या धरून ५०० च्या वर जायचं नाही.

राजारामपुरी७ : भावा, आधी डिहायड्रेटर घे. माझा साडेआठ हजारांचा आहे, फणसपोळीसुद्धा होते. ओव्हनमध्ये कडा करपतात, मधलं ओलंच राहतं.

चटणीवाली_मावशी : विकतचा मसाला असणार. आमची उन्हाळ्यात कुटलेली कांदा-लसूण चटणी घाल दोन चमचे आणि मग सुकव. वास जातोय कुठं!

कडेकपारी : मावशी, तेवढं सांगू नका. चटणीत तळलेला कांदा, खोबरं, तीळ. सुकवताना पाणी जातं, तेल तसंच राहतं आणि पुढं खवट होतं. माझी खिम्याची पिशवी अशीच फेकली, तंबूभर वास. चटणी वेगळ्या डबीत न्यायची, पाणी उकळल्यावर घालायची.

चटणीवाली_मावशी : आमच्या चटणीत खोबरं कमीच असतंय. वर्षभर बरणीत राहते, कधी खवट झाली नाही.

मिसळ_कट : खोबऱ्याशिवाय कसली चटणी?

राजारामपुरी७ : पांढरा रस्सा सुकवलाय का कुणी?

कडेकपारी : नारळाच्या दुधाची पावडर मिळते, ती वरून घाला. दुसरा धागा काढा राव.

डोंगरयात्री_काका : मुद्द्याचं कुणी बोलंना. आमटी अळणी लागतेय ती बहुतेक पाण्यामुळं. सुकवायच्या आधी वजन कर, नंतर कर. ६०० ग्रॅमची ११० झाली, तर ४९० मिली पाणी परत घालायचं. अंदाजानं ओतलं की पातळ आणि अळणी. हळद, धणे-जिरे, मीठ शिजवतानाच. हिंग, गरम मसाला, लसूण पावडर नंतर, कारण त्यांचा वास तासन्‌तास गरम हवेत उडून जातो. चिंचेऐवजी आमचूर, ओलसर नसते. फोडणीचं तेल छोट्या घट्ट बाटलीत. आणि डाळ पूर्ण शिजवूनच सुकव. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं कच्ची डाळ शिजत नाही. लक्ष्मीपुरीत हे सगळं दोनशेत येईल.

कडेकपारी : मी तेच म्हटलं, नंतर घाला.

मिसळ_कट : मॅगी न्या. पन्हाळा-पावनखिंडीला आम्ही गावात पिठलं-भाकरी खातो, सुकवायची भानगडच नाही.

डोंगरयात्री_काका : तो हिमाचलात चाललाय!

पायपीट_कोल्हापूर : काका, वजनाचं पटलं. काल मोजून पाणी घातलं, आमटी दाट झाली. मसाला मात्र सगळा आधीच घालणार, आमचूर, लसूणसकट, थोडा जास्त. वाऱ्यात हातमोजे काढून पुड्या सोडत बसणं माझ्याच्यानं होणार नाही. तेल-चटणी नेत नाही. मावशी, रागावू नका, तुमची चटणी घरी आल्यावर मटणाला.

चटणीवाली_मावशी : डबी देते की, न्यायला काय होतंय?