नाकाचं ऑपरेशन: नुसतं नाक बधिर करून की पूर्ण भूल?

फोंडेकर_२२: नाकाचा पडदा वाकडा, डावी बाजू कायम बंद. सेप्टोप्लास्टी, म्हणजे पडदा सरळ करायचं ऑपरेशन, ठरलीय. डॉक्टर म्हणतात नाक बधिर करूनही होईल नाहीतर पूर्ण भूल, तुम्ही ठरवा. चवथीआधी उरकायचंय, बजेट ४० हजार. जागेपणी कोणी केलंय का?

म्हापशेकार: पूर्ण भूलच घे. मी मुंबईला केलं, दीड लाख गेले पण एसी रूम, काही म्हणजे काही कळलं नाही.

फोंडेकर_२२: दादा, बजेट वर लिहिलंय.

हुमणशीत: मी जागा होतो. औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात सारतात, आत आत जातच राहतात, मग वर इंजेक्शन. दुखत नाही रे, पण हाडावर छिन्नी बसली की टकटक सगळी डोक्यात. औषध घशात उतरतं ते कडूजार. खरा त्रास नंतर पॅक, म्हणजे ऑपरेशननंतर नाकात भरलेले बोळे, काढताना.

मडगावची_माई: पॅक काढताना मी तर रडलेच. आणि पूर्ण भूल दिली तरी पट्ट्या घालतातच हं, रक्त कमी यावं म्हणून.

म्हापशेकार: पूर्वी म्हणे नाकात कोकेन लावायचे, हणजुण्यातलं 😄

ओटीतली_सिस्टर: हसू नका, काही देशांत अजून लावतात. बधिर करतं आणि रक्तवाहिन्याही आकसवतं. १८८४ मध्ये कार्ल कोलरने डोळ्यासाठी वापरलं, मग नाकात आलं. आपल्याकडे बधिर करायला ४ टक्के लिग्नोकेन, सोबत रक्तवाहिन्या आकसवायला अ‍ॅड्रेनालिन नाहीतर झायलोमेटाझोलिन. म्हणून बीपीच्या, हार्टच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. लिग्नोकेनलाही मर्यादा आहे, किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅम, अ‍ॅड्रेनालिनबरोबर ७, वजन त्यासाठीच विचारतात. ओठ झिणझिणले, कानात आवाज आला तर औषध जास्त झाल्याची खूण, लगेच बोला. आणि घसा बधिर असेपर्यंत चहासुद्धा नको, ठसका लागतो. माझं मत विचाराल तर, मन घट्ट असेल तर जागेपणीच करा.

हुमणशीत: तेच तर मी सांगतोय.

मडगावची_माई: बांबोळीला जीएमसीत, सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात दाखव ना, दीनदयाळ आरोग्य विम्याच्या कार्डवर बसतं का तेपण विचार.

म्हापशेकार: सरकारीत नंबर कधी लागायचा!

मडगावची_माई: माझ्या भावाचा लागला की. एसी नव्हता एवढंच.

फोंडेकर_२२: सगळ्यांना थँक्स. घरात बोललो, आई म्हणते चवथीला नाकात बोळे घालून नेवऱ्या कशा खाणार. दिवाळीनंतर बघतो, तोवर नाकात घालायचे थेंब आहेतच.

ओटीतली_सिस्टर: भाऊ, ते थेंब आठवड्याच्या वर नको, उलट नाक जास्त चोंदतं. डॉक्टरांकडून स्टिरॉइडचा स्प्रे लिहून घ्या.

म्हापशेकार: मी वर्षभर घालतो, काही होत नाही.