प्रतिसाद: ‘नोसीबो’ सिनेमातला खरा जादूटोणा

बायकोला घेऊन बसा, रडेल असं वर कोणीतरी लिहिलंय, पण मला आधी रागच आला (स्पॉयलर आहे, पुढे जपून). घरकामाला आलेली फिलिपिनो डायना फक्त बदला घेणारी चेटकीण आहे हे वरचं म्हणणं काही पटलं नाही बुवा, तिची पोर कपड्यांच्या फॅक्टरीत दरवाजे बंद असल्यामुळे जळून मेली आणि तिथे कपडे शिवून घेणाऱ्या फॅशन डिझायनर ईव्हा ग्रीनबाई मात्र गोचिडांनी भरलेला कुत्रा बघून आजारी पडतात, म्हणजे पोखरतंय ते अपराधीपणच ना, डायना फक्त त्याला हवा देते. फिलिपिन्समध्ये मनिलाजवळ वालेन्झुएलात 2015 ला चपलांच्या कारखान्यात खरंच 70 च्या वर कामगार गेले, खिडक्यांना जाळ्या होत्या. मरणाऱ्या म्हातारीच्या तोंडातून कोंबडीचं पिल्लू निघतं तो सीन मात्र जबरी. नवऱ्याच्या भूमिकेतला मार्क स्ट्राँग फुकट घालवलाय.